आवाज बदलेपर्यंत

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात-ओठ खाऊन देते आहे.

गेल्या दहा दिवसांत तुला अकरा फोन केले. एकही उचलला नाहीस. शेवटी काल दुकानातून दुपारची सुट्टी घेऊन तुझ्या गॅरेजवर गेले, तर शटर खाली. शेजारचा रंगवाला म्हणाला, "ते गेले की मातीच्या भिंती शिकायला! सात आठवड्यांची कार्यशाळा आहे म्हणे." पत्ताही त्यानेच दिला. अठ्ठावीस वर्षांचं गॅरेज भावाने बंद केलं, हे सख्ख्या बहिणीला रंगवाल्याकडून कळतं! माझा चेहरा बघून त्या बिचाऱ्याने मला बसायला रंगाचा डबा उलटा करून दिला.

हे कशामुळे झालंय ते मला ठाऊक आहे. लेकीच्या लग्नात, जेवणाच्या टेबलावर, मी तुला सगळ्यांदेखत घुम्या म्हणाले. बोलले खरी. पण माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? व्याही तुला तीन वेळा विचारतात, "तुमचा व्यवसाय कसा चाललाय?" आणि तू आपला त्यांच्याकडे बघून गोड हसतोस. पुढे बोलणं नाही, चालणं नाही. व्याह्यांना वाटलं, मुलीचा मामा आपल्याला तुच्छ लेखतो. माझी मान खाली गेली, म्हणून जीभ घसरली.

पण म्हणून इतका राग? की भरलं गॅरेज सोडून, त्रेपन्नाव्या वर्षी, मातीत खेळायला जावं? तू लहान होतास तेव्हाही रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि मी ओणवी होऊन तुला बाहेर काढायचे. आता माझे गुडघे ओणवं होऊ देत नाहीत. तूच बाहेर ये.

उत्तर लिही, नाहीतर मी तिथे येऊन उभी राहीन.

चिडलेली,
ताई


९ फेब्रुवारी

ताई,

दात-ओठ खाऊन दिलेले आशीर्वाद मिळाले. वाया जाऊ दिले नाहीत, लगेच कामाला लावले. काल दिवसभरात बत्तीस बादल्या माती चाळली.

तुझ्यावर रागावलो नाही. शप्पथ. गॅरेजचा कंटाळा आला होता, एवढंच. आणि फोनचं म्हणशील तर इथे रेंजच नाही. पत्रच लिहीत जा, ते बरं.

आता इथलं ऐक. आम्ही आठ जण आहोत. दोघे इंजिनीअर, ज्यांनी याआधी बादली फक्त न्हाणीघरात पाहिली होती. एक निवृत्त पोस्टमन. एक माळीणबाई, चाळिशीची, मोठ्या बागांची कामं करणारी; तिच्या हाताला भलतीच ताकद. बाकीचे असेच इकडचे तिकडचे. शिकवणारी बाई साठीची, अंगाने बारीक, आवाज संथ. तिला सगळे मुकादमबाई म्हणतात. तिने आजवर मातीच्या ठोकभिंतींच्या दोन शाळा आणि कितीतरी घरं उभी केलीत.

काम ऐकायला सोपं वाटतं. माती, वाळू आणि खडी मापाने मिसळायची आणि पाणी शिंपडायचं, तेही बेताने. मुठीत गोळा वळून कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचा. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. मग दोन्ही बाजूंना फळ्या बोल्टने आवळून साचा करायचा, आत सहा इंच सुटी माती भरायची आणि धुम्मस घेऊन ठोकत सुटायचं. धुम्मस म्हणजे लांब दांड्याला लोखंडी चौकोनी ठोकळा. सहा इंचांचे चार इंच होतात, थर बसतो. मग पुढचा थर. थर बसला हे ओळखायचं कसं, ते मुकादमबाईंनी सांगितलंय, पण ते लांबण आहे.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एकट्याने एक भिंत उभी करायची. चार फूट लांब, छातीइतकी उंच. आठांतून तिघांना मुकादमबाई आपल्या टोळीत घेणार आहेत. एका दवाखान्याच्या बाह्यरुग्ण खोल्या बांधायच्या आहेत, दीड वर्षाचं काम. ताई, मला त्या तिघांत यायचंय. गॅरेज आता परत उघडणं नाही. हे जमलं नाही तर उरलेलं आयुष्य खिडकीत बसून काढावं लागेल, आणि माझ्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते.

इथे बरं वाटतं. काम करताना कोणी फारसं बोलत नाही.

तुझा,
धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं अक्षर आमच्या दुकानात येणाऱ्या डॉक्टरांच्या अक्षरापेक्षाही वाईट आहे. बावीस वर्षं औषधांच्या काउंटरवर उभी आहे म्हणून वाचता तरी आलं.

आणि तू खोटं बोललास. मी कार्यशाळेच्या कचेरीत फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "रेंजला काय झालंय बाई? इथे सगळे दिवसभर फोनवरच असतात." मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. एवढं काय रे खुपलं तुला? घुम्या म्हणाले, त्याबद्दल माफी मागते, हवं तर व्याह्यांसमोर मागते. पण ताईशी खोटं?

तुझ्यासाठी मी इथे लोकांशी भांडते आहे, ते तरी बघ. परवा तो म्हातारा टॅक्सीवाला दुकानात आला होता, तुझं जुनं गिऱ्हाईक. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या भावाने गाडी तपासून एकदम ठीक आहे म्हणून सांगितलं आणि आठव्या दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम झालं. मागे दोन पोरं आणि त्यांची आई बसली होती, थोडक्यात वाचलो. बेअरिंग असं बोंबलत होतं की शेंबड्या पोरालाही ऐकू आलं असतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "माझा भाऊ गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तिच्यात काय बिघडलंय ते सांगतो. तुम्हीच गाडी रेटली असेल आणि आता नाव त्याचं!" खोकल्याचं औषध न घेताच गेला.

बरं केलं ना? की नाही, ते तूच सांग. तुझ्या बाजूने भांडायला मला आवडतं, पण तू निदान बोलायला तरी हवंस.

लेक परवा येऊन गेली. मामाची आठवण काढत होती.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. टॅक्सीवाल्याचा मजकूर आला की घडी घालून परत ठेवायचो.

तो खरं बोलला. त्याची गाडी मी तपासली होती. इंजिन चालू ठेवून नेहमीसारखा वाकलो, मान हलवली आणि म्हटलं, ठीक आहे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बेअरिंगचंही नाही आणि इंजिनचंही जेमतेम. दोन पोरं आणि त्यांची आई मागे होती हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं. इंजिन बंद पडल्याचं कानावर आलं, त्याच आठवड्यात मी शटर खाली ओढलं.

मी घुम्या नाही, ताई. मी बहिरा आहे.

उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. डावा दोन वर्षांपासून चाललाय. डॉक्टर म्हणतात, आता तो परत यायचा नाही. मशीनही घेतलंय. शांत खोलीत एक माणूस समोर बसून बोलला तर ते बरं चालतं. चार माणसं जमली, चमचे-ताटं वाजायला लागली की सगळ्याचा मिळून पत्रा बडवल्यासारखा एकच आवाज होतो. लग्नात तसंच झालं. व्याही काहीतरी विचारतायत एवढं दिसत होतं. काय विचारतायत ते कळत नव्हतं, म्हणून हसलो. तुझे अकरा फोन मला दिसले. उचलून काय करणार होतो?

गंमत ऐक. मी मुद्दाम असं काम शोधलं की ज्यात कानाची गरज नाही. माती कुठे बोलते? आणि इथे दुसऱ्याच दिवशी मुकादमबाई म्हणाल्या, "थर बसला हे डोळ्याला दिसत नाही. ठोकत राहायचं. आधी आवाज येतो ओली गादी बडवल्यासारखा, धप् धप्. मग एका ठोक्याला तो बदलतो, दारावर थाप मारल्यासारखा ठक् येतो. आवाज बदलला की थांबायचं. त्याआधी थांबाल तर भिंत पोकळ." मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते तिथे झालं.

तरी महिनाभर निभावलं. माझा साचा माळीणबाईच्या समोर होता. आमची माती एक, बादल्या एक. तिचं धुम्मस थांबलं की मी थांबायचो. फळीच्या वर मला तिच्या धुम्मसाचा दांडाच तेवढा दिसायचा, पण तो पुरायचा. मुकादमबाई एकदा म्हणाल्याही, "तुमचा कान चांगला आहे."

शुक्रवारी सरावाच्या भिंतींच्या फळ्या काढल्या. माझ्या भिंतीचं पोटच सुटलं. मधले तीन थर हाताने ओरबाडले तसे खाली आले आणि वरचा भाग त्यांच्यावर बसला. मग कळलं की माळीणबाईच्या तळहाताला फोड आले होते. ती मध्येच थांबून चिंधी बांधत होती. मला वाटलं तिचा थर बसला, मी वर पुढची माती ओतली. असं तीन वेळा केलं.

मुकादमबाईंनी विचारलं, "असं कसं झालं?" मी म्हटलं, घाई झाली. तेवढंच म्हटलं.

शनिवारी सामान घेऊन परत येतोय. कोणाला सांगू नकोस, भावोजींनाही नको.

धाकटा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मी काउंटरवरच उघडलं आणि तिथेच रडले. समोर एक बाई गोळ्या घ्यायला उभ्या होत्या, त्याच मला म्हणाल्या, "बसा हो, मला घाई नाही."

रोज मी लोकांना कानाचे थेंब देते. मान कशी तिरकी करायची, किती वेळ पडून राहायचं, सगळं समजावून सांगते. दुकानात आलेला माणूस एका कानाने कमी ऐकतो हे मला तो बोलायच्या आधी कळतं, मानेवरून कळतं. आणि माझा भाऊ चार वर्षं माझ्यासमोर बसून अर्ध्या गोष्टींना हसून मान हलवत होता, तर मी त्याला घुम्या म्हणाले. या एका शब्दाचं मला किती वाईट वाटतंय ते लिहिता येत नाही. माफ कर.

आज सकाळी टॅक्सीच्या थांब्यावर जाऊन त्या म्हाताऱ्याची माफी मागितली. कारण सांगितलं नाही. म्हटलं, भाऊ चुकला आणि मीही. खोकल्याचं औषध देऊन आले. तो म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका, पण आता तो गाड्या तपासत नाही हे बरं आहे." आणि धाकट्या, ते खरंच बरं आहे. शटर ओढलंस ते तू बरोबर केलंस. पण ते एकट्याने, कोणाला न सांगता ओढलंस, ते चुकलं.

यांना सांगितलेलं नाही. तू सांगशील तेव्हा सांगशील.

आता नीट वाच. शनिवारी यायचं नाही. आलास तर दार उघडेन, खायला घालेन, पण आधी जाऊन त्या मुकादमबाईंना खरं सांग. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पण "घाई झाली" म्हणून पळून आलास, तर खिडकीत बसून त्या टाकीकडे बघताना तुला रोज वाटेल की विचारायला हवं होतं. मी तुला ओळखते.

मी येऊ का बोलायला? शेवटची भिंत असेल त्या दिवशी येऊ?

ताई


६ मार्च

ताई,

नाही आलो शनिवारी. सामान बांधलं होतं. तुझं पत्र सकाळी आलं, ते वाचून सामान तसंच ठेवलं आणि मुकादमबाईंच्या खोलीत गेलो. मशीन लावून गेलो. इथे पहिल्यांदाच लावलं.

मला वाटलं होतं, एक तर त्या रागावतील, नाहीतर कीव करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं कानाने काम केलंय. कानाशिवाय कसं करायचं ते मला येत नाही, तर शिकवू कसं? तुम्हाला दहा दिवस देते. तुम्ही शोधा. सापडलं तर मलाही सांगा. शेवटच्या भिंतीला मात्र सवलत नाही. दवाखान्याची भिंत कोणाच्या अंगावर पडली तर ती कारण विचारत नाही." मला ते आवडलं.

मग सुरू झालं. आधी वाटलं, मनगटाला कळेल. माती बसली की धुम्मस उसळी मारतं. पण तासाभराने मनगटं बधिर होतात. अनवाणी आत उभं राहून बघायचं होतं, तर मुकादमबाई ओरडल्या. ओरडल्या हे चेहऱ्यावरून कळलं. बोटं ठेचली असती.

चौथ्या दिवशी दमून जरा फळीला टेकलो, गुडघा फळीला लागला होता, आणि तसाच ठोकत राहिलो. ताई, फळी बोलते. माती सुटी असते तोवर प्रत्येक ठोक्याला ती थरथरते आणि थरथरतच राहते. आणि मग एका ठोक्याला थरथरणं जातं, गुडघ्यावर एकच टोला बसतो, कोरडा. पहिल्यांदा लागला तेव्हा मी धुम्मस टाकून फळीकडे बघत बसलो.

पण जमलं असं समजू नकोस. मी थांबलो की मुकादमबाई येऊन थरात खिळा दाबतात. खिळा आत गेला तर मी चुकलो. पहिल्या दिवशी दहापैकी सहा चुकलो. काल दहापैकी तीन. आणि तीन थर चुकले की काय होतं ते मी पाहिलंय. माळीणबाईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो, आधी सांगायचंत, मी चिंधी बांधताना हात वर केला असता!"

शेवटची भिंत सोमवार-मंगळवारी. त्या दिवशी खिळा नाही आणि कोणी कोणाला सांगायचं नाही. फळ्या शुक्रवारी निघतील. तोवर बरोबर ठोकलं की चूक, हे कळायला मला काही मार्ग नाही.

तू येऊ नकोस. पाठीमागे तू उभी आहेस असं वाटलं तर मी परत पलंगाखालचा होईन.

धाकटा


११ मार्च

धाकट्या,

आले होते.

आधी ओरडून घे, मग पुढे वाच.

आज सकाळच्या पहिल्या बसने निघाले. यांना म्हटलं, मालाच्या चौकशीला जाते. फाटकाशी एक बारीकशी बाई माती पाहत उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बहीण का? नाक तेच आहे. त्या चाळणीच्या छपराखाली बसा, त्यांना दिसणार नाही." तुझ्या मुकादमबाई. मग मी तिथे वाळूच्या पोत्यावर तीन तास बसले.

तुझी पाठ माझ्याकडे होती. किती वाळलायस रे. शर्ट खांद्यावरून उतरलाय. गुडघा फळीला टेकवलेला, डोळे मिटलेले असावेत, कारण मान एकदाही इकडेतिकडे हलली नाही. सुरुवातीला मला नुसता गोंगाट वाटला, आठ ठिकाणी ठोकाठोक. मग हळूहळू तुझ्या धुम्मसाचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. धप्, धप्, धप्. तू लिहिलं होतंस ना, ओली गादी. अगदी तसाच.

आणि मग तो बदलला. मला कळलं! मातीतलं ओ की ठो न कळणाऱ्या मला कळलं. दारावर थाप पडल्यासारखा ठक् आला आणि मी मान उंचावून बघायला लागले, आता हा थांबतोय की नाही. तू थांबलास. त्याच ठोक्याला. धुम्मस टेकवलंस, बादली उचललीस.

मला वाटलं, योगायोग असेल. म्हणून पुढच्या थराला मीही डोळे मिटले. आवाज बदलला, मी डोळे उघडले, तुझा हात थांबलेला. त्याच्या पुढच्याला तसंच. सात थर, धाकट्या. एकदा आवाज बदलायला फार वेळ लागला. तुझ्या शेजारचा इंजिनीअर कधीच पुढे गेला होता, तू आपला ठोकतच होतास. मी पोत्यावर बसून मनात म्हणत होते, अजून नाही, अजून नाही. तूही थांबला नाहीस. बदलला तेव्हाच थांबलास.

सातव्या थरानंतर मी उठले. भेटावंसं फार वाटलं. पण तू त्या भिंतीशी असा काही लागला होतास की मध्ये पडणं बरं दिसलं नसतं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईला कारण नसताना सांगितलं, "माझा भाऊ भिंती बांधतो."

तुला कळायला मार्ग नाही म्हणाला होतास. मी होते तिथे. सातही थर मी माझ्या कानांनी ऐकलेत. बाकीचे पाच मला ठाऊक नाहीत, आणि त्या तिघांत तू येशील की नाही तेही ठाऊक नाही. पण जे ऐकलं ते सांगणं माझं काम होतं.

तुझी,
ताई


१४ मार्च

ताई,

तुझं पत्र काल आलं. ओरडलो नाही. तीनदा वाचलं आणि मग जेवायला गेलो.

आज फळ्या काढल्या. पोस्टमनची भिंत उत्तम निघाली, माळीणबाईची तर काचेसारखी. एका इंजिनीअरच्या भिंतीचा कोपरा ढासळला, तो बिचारा तिथेच खाली बसला. माझी शेवटची होती. बोल्ट सोडायचा पाना मी माळीणबाईच्या हातात दिला. फळी बाजूला झाली. भिंत उभी होती. खालून दुसऱ्या थराला एके ठिकाणी खडी उघडी पडली आहे, बोटभर. एरवी बाराही थर एकावर एक, रेघा सरळ. मुकादमबाईंनी खालपासून वरपर्यंत बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिली, माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.

मग आम्हाला ओळीत उभं केलं आणि तिघांची नावं वाचली. वारा होता, मागे पाण्याचा पंप चालू होता, मशीन कानात असून उपयोग नव्हता. मुकादमबाईंची मान कागदात खाली, ओठ दिसेनात. सगळे टाळ्या वाजवायला लागले तसा मीही वाजवायला लागलो, आणि हसलो, नेहमीसारखा. पोस्टमन हसत होता, माळीणबाई हसत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. का, ते मला कळेना.

मी टाळ्या थांबवल्या. हात वर केला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो, "बाई, मला ऐकू येत नाही. काय म्हणालात ते परत सांगा."

पंप कोणीतरी बंद केला. मुकादमबाई चालत माझ्यासमोर आल्या, कागद खाली केला, मान वर केली आणि माझं नाव परत वाचलं.

धाकटा